गुरं पट्टीबाहेर निघाली तेव्हा अण्णा शुद्धीत होता

भुताखेताच्या गोष्टी मी वाचतो, पण मानत नाही. आमच्या गावी ज्या चिंचेखालून कुणी जात नव्हतं तिथं बसून मी डबा खायचो. त्यामुळं हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. राग आलाय म्हणून लिहितोय. सातवीनंतर शाळा सुटली, चुका असतील त्या सांभाळून घ्या.

मी साक्री तालुक्यातला, सध्या सिल्वासाला. सायलीतल्या कारखान्यांच्या आवारातलं गवत कापणाऱ्या एका ठेकेदाराकडं कामाला आहे. मला इथं आणलं सुकदेव अण्णानं. सख्खा नाही, शेजारच्या गावचा. पण आलो तेव्हा त्यानं स्वतःच्या खोलीत जागा दिली. मला कावीळ झाली तेव्हा रोज बिनतेलाची भाजी करून घातली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही तीच खाल्ली! आज माझ्या घरी चूल पेटते ती त्याच्यामुळं. आणि तोच माणूस आता दारुड्या म्हणून गावी परत गेलाय.

अण्णा पीत नाही. सिल्वासात असं सांगितलं की लोक हसतात, कारण गुजरातेत दारूबंदी, तिथून माणसं इथं प्यायलाच येतात. पण अण्णा लग्नातसुद्धा सोडा घेतो, आणि तोही आधी वास घेऊन.

तर झालं ते असं. राखोलीवरून खानवेलकडं जाताना रस्ता सोडून आत गेलं की एक लांबलचक गवताची पट्टी लागते. लोक विमानपट्टी म्हणतात. डांबर नाही, सिमेंट नाही, नुसतं गवत. दोन्ही कडांना चुना लावलेले दगड, अर्धे मातीत गेलेले. फौजेनं केली म्हणतात. त्या काळी छोटी विमानं उतरायची, टपाल-औषधं घेऊन. मग फौज गेली, गवत राहिलं. आता तिथं पाड्यावरची गुरं चरतात, रविवारी कारखान्यातली पोरं क्रिकेट खेळतात, कुणी बायकोला स्कूटी शिकवतो. जागा मात्र अजून फौजेचीच. कुणी मोठा अधिकारी हेलिकॉप्टरनं येणार असला की गवत कापायला आम्ही.

तिथं गुरं राखतात ते लहानूकाका, वारली समाजातले. त्यांच्या वडिलांना फौजेनं एकच काम दिलं होतं... विमान यायच्या आधी पट्टीवरून गुरं हाकायची आणि पांढरं फडकं हलवायचं. पुढं पुढं म्हणे हाकायची गरजच उरली नाही. माणसाला आवाज यायच्या आधी गुरांना कळायचं, ती आपणहून कडेला जायची. तेव्हापासून पाड्यावर रीतच पडली — गुरांनी पट्टी सोडली की माणसानंही सोडायची.

"पण काका, आता विमान कुठंय?" मी विचारलं होतं.

"नाय ना. पन ढोरांना कोन सांगल?" काका हसले. "तुज्या साहेबाला सांग, नोटीस दे म्हनावं ढोरांना."

मीही हसलो होतो तेव्हा.

त्या दिवशी जेवणं आटोपली होती. कडक ऊन. अण्णा ट्रॅक्टरवर, मागं कटर लावलेलं. मी कडेच्या दगडांना चुना मारत होतो. आमचा सुपरवायझर भावेशभाई पट्टीच्या मधोमध उभा राहून मोबाईलवर बोलत होता. तेवढ्यात गुरांनी माना वर केल्या. एकदोन नाही, सगळ्यांनी. आणि निम्मी या कडेला, निम्मी त्या कडेला अशी चालत निघाली. कुणी हाकलं नव्हतं. दगडांच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, तोंडं पश्चिमेकडं करून.

लहानूकाका ओरडले, "बाहेर निंग रं! ढोरा निंगाली!"

अण्णानं ट्रॅक्टर हळू केला. "भाई, काका काय म्हणून ऱ्हायला बघा जरा."

"काका तेरा सेठ है क्या?" भावेशभाई खेकसला. "चलाव ने! कल साहब लोग आ रहे हैं और तू गाय देखता है!"

अण्णानं एकदा पश्चिमेला पाहिलं. काय दिसलं त्याला, ते आजही सांगत नाही. फक्त स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. ट्रॅक्टर उसळून कडेला गेला, कटर चुन्याच्या दगडावर आपटलं आणि पातं वाकलं.

आणि मग... गवत झोपायला लागलं.

वारा नव्हता. पलीकडच्या सागाचं पान हलत नव्हतं. पश्चिमेच्या टोकाकडून दोन पट्टे धावत आले, सरळ, शेजारी शेजारी, जणू चाकं जातायत. आवाज काहीच नाही. माझ्या बादलीतलं चुन्याचं पाणी थरथरलं तेवढं. ट्रॅक्टर मघाशी जिथं होता तिथूनच ते पट्टे गेले. पुढं मंदावले. थांबले. त्यापुढचं गवत उभंच्या उभं. दोन पट्ट्यांच्या मधून मागं एक बारीक पट्टा, लहान चाकाचा असावा तसा.

भावेशभाई कुठं होता? गवत झोपताना पाहून तो असा पळाला की एक चप्पल पट्टीवरच राहिली! आमच्या ट्रॅक्टरच्या आडोशाला येऊन बसला, अण्णाचा शर्ट धरून. मी बघितलंय. थोड्या वेळानं गुरं परत आत शिरली आणि त्याच पट्ट्यांवरून चरत फिरली. फोटो काढायला मोबाईल आणेपर्यंत सगळं तुडवलेलं होतं.

संध्याकाळी ऑफिसात ठेकेदारासमोर हाच भावेशभाई काय म्हणाला माहितीये? "ड्रायव्हर पिऊन होता. मी ओरडत होतो, तरी कटर तोडलं."

मी म्हटलं, "साहेब, खोटं आहे. तोंडाचा वास घेऊन बघा त्याच्या. हे स्वतः पळाले."

"कशाला पळाले?"

मी गुरांचं सांगितलं, गवताचं सांगितलं... ठेकेदार हसायला लागला. "म्हणजे दोघांनी मिळून संपवली बाटली!" सगळं ऑफिस हसलं. भावेशभाईही हसला. माझ्या अंगाची आग झाली.

अण्णाला काढलं. बसस्टँडवर मी रडवेला झालो तर उलट मलाच म्हणतो, "तू गप बस भो. दोन पोरी आहेत तुला. माझं बघू नको." गावात त्याच्याआधी बातमी पोचली होती. लेकीची सोयरीक ठरत आली होती, ते लोक आता फोन उचलत नाहीत. म्हणे बाप पिणारा आहे. तरीही मी गप्प बसलो. नोकरी जाईल या भीतीनं रात्र रात्र जागलो, पण गप्प बसलो.

वावटळ असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण वावटळ अशी सरळ जाते? आणि मध्येच थांबते?

परवा पुन्हा पट्टीचं काम निघालं. ट्रॅक्टरवर नवा ड्रायव्हर. तो चढायच्या आधी भावेशभाईनं त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "देख, गाय लोग बाहर निकले ना, तो तू भी निकल जाना. पूछना मत."

मी मागंच होतो, चुन्याची बादली घेऊन. माझ्या हातून ती आपटलीच.

"भाई, मग अण्णा काय वेगळं वागला होता?"

"काम कर."

"नाही करत. आधी सांगा. यानं ट्रॅक्टर बाहेर काढला तर शहाणा, आणि अण्णानं काढला तर दारुडा?"

सगळे थांबून बघत होते. लहानूकाकाही जवळ आले. भावेशभाई नुसता मोबाईल चाचपत राहिला.

"ठेकेदाराला फोन लावा," मी म्हटलं, "आणि आत्ता याला जे सांगितलं तेच त्यांना सांगा."

त्यानं फोन लावला नाही. मला मात्र घरी पाठवलं.

त्या पट्टीवर काय उतरलं, उतरलं तरी का, ज्या गुरांनी जन्मात विमान पाहिलं नाही त्यांना कसं कळलं... यातलं मला काहीही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर लिहा. पण दारूचं कारण कुणी लिहू नका. अण्णाच्या गावचं कुणी हे वाचत असेल तर त्या सोयऱ्यांना वाचून दाखवा. उद्या सकाळी मी नेहमीसारखा सायलीला कारखान्याच्या गेटवर कामाला जाणार आहे. आत घेतात की नाही, माहीत नाही.