ड्युरियन हवा होता, ताजा

चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचं, "कोण म्हणतं?" वादळाचा अंदाज असो, कंपनीतल्या बड्या साहेबांचं भाषण असो की मराठी मंडळातल्या श्रीखंडाची स्तुती, हे विचारल्याशिवाय माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना राहवत नसे. ह्यूस्टनच्या एका पाइपलाइन कंपनीत आम्ही एकत्र होतो आणि शुगर लँडमध्ये त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत होतं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. तो आला की मीटिंग लांबते, आणि नसला की चुका तशाच पुढे जातात.

अमेरिकेत येण्यापूर्वी ते नवरा-बायको बरीच वर्षं मलेशियात होते. वहिनींना तिथे ड्युरियनचं वेड लागलं. फणसाचा काटेरी, तापट भाऊच तो. यांना त्याचा वास सहन होत नसे, म्हणून तो घरात आणायचा नाही असा त्यांचा कायदा. वहिनी बाजारातच उभ्या राहून खायच्या. हे दूर, वाऱ्याची दिशा बघून उभे.

मग वहिनींना कॅन्सर झाला. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी औषधं थांबवली आणि म्हणाले, आता काय वाटेल ते खाऊ द्या. वहिनींना काहीच वाटत नव्हतं. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. एका दुपारी मात्र त्यांनी ड्युरियन मागितला. फ्रोजन नको, ताजा, नीट पिकलेला.

यांचा मला फोन आला, "गाडी काढ."

आम्ही एका मोठ्या एशियन मार्केटमध्ये गेलो. दाराशीच जाळीच्या पिशव्यांत फळं रचली होती आणि वर 'फ्रेश' असा बोर्ड. यांनी व्हिडिओ कॉल लावला. वहिनी उशीला टेकून बघत होत्या आणि एकेक सांगत होत्या. देठ बघा, वाळलाय की ओला आहे. कानाशी धरून हलवा, आत गर सुटल्यासारखा थोडासा आवाज यायला हवा. आता बुडाशी नाक लावा. इतकी वर्षं ज्या वासापासून पळाला, तो वास घ्यायला हा माणूस भर दुकानात वाकला. लगेच ताठ झाला.

फळ बर्फासारखं गार होतं. सालीतून पाणी सुटलं होतं, देठ काळा आणि मऊ. फ्रीजरमधून काढून उन्हाळ्याच्या भरवशावर मांडलेला माल. मॅनेजर आला आणि म्हणाला, फ्रेशच आहे.

"कोण म्हणतं?"

मॅनेजरनं बोर्डाकडे बोट दाखवलं. त्यानंतर यांचा आवाज चढला तो चढलाच. मरणाच्या दारातल्या माणसाला हे विकणार का, असं ते विचारत होते. लोक थांबून बघत होते. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मलाही त्या बोर्डाचा संताप आला होता. ज्याला चव कळत नाही त्याला काहीही खपतं, असं धरूनच तो तिथे लावला होता.

फोनमधून वहिनी म्हणाल्या, "भांडू नका हो. माझा वेळ जातोय."

त्यांनी फळ परत जागेवर ठेवलं. मॅनेजरनंच मग खाली मान घालून सांगितलं, शुक्रवारी विमानानं थोडा माल येतो, तो खरा.

शुक्रवारी वहिनींना फोन धरवत नव्हता. यांनी एकट्यानं निवडलं. प्रत्येक फळ कानाशी, मग नाकाशी. दुसऱ्यांदा नाक लावताना तोंड वाकडं करायचं ते विसरले. शेवटी हिरव्या देठाचं एक फळ छातीशी धरलं, काट्यांसकट.

घरी तो सरळ बेडरूममध्ये नेऊन फोडला. वहिनींनी नखाएवढा गर जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "अजून एक दिवस हवा होता याला."

यांनी तो खोलीतच ठेवला. दुसऱ्या दिवशी घरभर वास पसरला. होम केअरच्या नर्सबाईंनी तो बाहेर ठेवायला सांगितला. त्यांना यांनी आधी नम्रपणे आणि मग आवाज चढवून सांगितलं की हे पेशंटचं घर आहे. त्या संध्याकाळी वहिनींनी दोन गरे खाल्ले. बोटं चाटली. लोखंड लागत नाही म्हणाल्या.

त्यानंतर त्या फार राहिल्या नाहीत. मग यांनी घर विकलं आणि ते मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेले. आमच्या मीटिंगा आता वेळेवर संपतात.

मला मात्र वहिनींना जाऊन चार दिवस झाले होते तेव्हाची दुपार आठवते. मंडळातली माणसं भेटायला आली होती. एक काका चहा पिता पिता म्हणाले, "असल्या अवस्थेत ते घाणेरडं फळ कशाला दिलंत तुम्ही? साधा मऊ भात द्यायचात." दोघातिघांनी माना डोलावल्या.

हे आता चष्मा कपाळावर सरकवणार, असं मला वाटलं.

"तिनं मागितलं होतं," ते म्हणाले.

मग उठले आणि मंडळाच्या फोल्डिंगच्या रिकाम्या खुर्च्या एकेक मिटून भिंतीला लावू लागले. लोक अजून बसलेलेच होते. त्या काकांच्या खुर्चीमागे जाऊन, काका उठेपर्यंत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले.