पांढरी फट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार दौंडच्या मामांचे. नात्यानं ते मामा नव्हेत. सशस्त्र पोलिसांत हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले, आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. मी शिरूरला कॉलेजात होतो. रविवारी एसटीनं दौंडला त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एअर पिस्तूल शिकायला जायचो. सराव संपला की ते पुस्तक उघडायला लावत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो.

नळीच्या टोकावरची पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, चकाकू नये म्हणून मामा तिला चिमणीची काजळी धरत. मग पाच छर्रे मारून मागच्या साइटचा स्क्रू लावत. नेम काळ्या गोलाच्या मधोमध धरायचा नाही. गोल साइटच्या वर टेकल्यासारखा दिसावा, मध्ये पांढरी फट राहावी. स्क्रू त्या हिशेबानंच लावलेला, त्यामुळे छर्रा मात्र मधोमध लागे. मला ते पटायला वेळ लागला. ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकलणारा मी, ज्याला मारायचं त्याच्यावरच डोळा.

विद्यापीठाच्या संघाच्या निवडीत घाबरलो आणि नेम गोलाच्या मधोमध धरला. छर्रे वर गेले. मी स्क्रू चार खटके खाली फिरवला. मग पांढरी फट आठवली. तसा नेम धरला, पण स्क्रू फिरवलेलाच राहिला; छर्रे खाली. निवड हुकली.

मामांना म्हणालो, तुम्ही सांगितल्यासारखाच नेम धरला, पिस्तूलच खाली मारतंय. स्क्रूचं बोललो नाही. त्यांनी स्वतः पाच छर्रे मारले. पाचही खाली, एका रुपयाखाली झाकतील एवढे जवळ. निशाणाचा कागद काढून त्यांनी डोळ्यांजवळ धरला.

"म्हंजी स्क्रू मीच चुकीचा लावला. आता माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई, बाबा."

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच पिस्तुलाला हात लावला नाही. मी रांजणगावला नोकरीला लागलो. शेडमध्ये आता दुसरंच कुणी साइट लावतं, असं कळलं. तो कागद मात्र डोळ्यांपुढून हलेना. परवा पत्र टाकलं:

"मामा, नमस्कार. तुमचे डोळे चुकले नव्हते. निवडीच्या दिवशी स्क्रू मी फिरवला होता, चार खटके, आणि ते तुमच्यापासून लपवलं. ते पाच छर्रे आठवा. खाली लागले, पण एकाच जागी लागले. डोळे गेलेल्या माणसाचे तसे लागत नाहीत. रविवारी येतोय. काजळी मी धरतो, साइट तुम्ही लावा."