गारांचं पाणी परत

उन्हाळ्यात गारा पडल्या की शहाणी माणसं कशी वागतात, याची मला फार उत्सुकता आहे, कारण मी अजून असा एकही माणूस पाहिलेला नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा रामनगरच्या आसपासच्या वाड्यांत लस टोचणारी नर्स होते. फेरीच्या आदल्या दिवशी यादी करायची आणि निघताना एकेका वस्तूवर खूण करायची, ही माझी पद्धत. लस, सुया, सुया उकळायला स्टोव्ह, कापूस, कार्डं, बर्फ. त्या एप्रिलातली फेरी पावसाआधीची शेवटची होती. ओढे भरले की वरच्या वाडीची वाट बंद, ती दिवाळीपर्यंत. मागल्या पावसाळ्यात तिथली दोन पोरं गोवराने गेली होती. या खेपेला सात बाळं टोचायची राहिली होती.

लसीची पेटी माझ्या सहायकाकडे होती. खालच्या वाडीच्या शाळेत पोचल्यावर मी झाकण काढलं, तर लसीच्या बाटल्यांशेजारी ताकाचा तांब्या. बसमध्ये उकडत होतं म्हणून त्याने तो आत ठेवला होता आणि घोट घ्यायला दर थांब्यावर झाकण उघडलं होतं. बर्फाच्या चार डब्यांपैकी तीन पाणी झाले होते. चौथ्यात सुपारीएवढा खडा उरला होता. तो म्हणाला, ताक संपलंय, आता नाही उघडणार. अशा माणसांनाही सरकार पगार देतं.

खालच्या वाडीतली बाळं तासाभरात उरकली. वरच्या वाडीच्या बायका तीनपर्यंत येणार होत्या. अडीचला आभाळ भरून आलं आणि कौलांवर कुणीतरी खडे मारावेत तसा आवाज सुरू झाला.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही, आणि कौतुकाने तर नाहीच. अख्खी वाडी अंगणात. म्हातारे डोक्यावर सूप धरून गारा वेचत होते. बायका लुगड्याचा ओचा भरत होत्या. मिशा पिकलेला एक बाप्या गार तोंडात टाकून डोळे मिटून उभा होता, देवाचा प्रसाद मिळाल्यासारखा. कुणाची कौलं फुटली, कुणाच्या आंब्याच्या कैऱ्या झडल्या. त्याची दाद ना फिर्याद. माझा सहायक टॉवेल पसरून मध्यभागी नाचत होता. गारांचं पाणी बाटलीत भरून ठेवायचं आणि वर्षभर घामोळ्यांना, भाजल्याला, डोळ्यांना लावायचं, असा तिथला रिवाज. डोळ्यांना लावू नका, हे मी तीन वर्षं सांगत होते. मी व्हरांड्यात पेटीच्या झाकणावर हात दाबून बसले आणि असल्या अडाणीपणाचं काय करावं याचा विचार करत राहिले.

गारा थांबल्या. ऊन पडलं. अंगणात नुसता चिखल उरला. वरच्या वाडीच्या बायका गारांमुळे वाटेत एका गोठ्यात अडकल्यात, पाचशिवाय पोचत नाहीत, असा निरोप आला. मी पेटी उघडली. सुपारीएवढा खडाही गेला होता. पाणी अजून थंड होतं, पण पाचपर्यंत टिकणारं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आभाळातून बर्फ पडत होता आणि मी झाकण दाबून बसले होते.

मी घरोघर विचारत गेले. वेचलेल्या गारांचं बहुतेक ठिकाणी पाणी झालं होतं. शाळेमागच्या घरात एक म्हातारी होती, माझ्याकडून डोळ्यांवरून सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेली. तिने मडकंभर गारा भाताच्या तुसात पुरून ठेवल्या होत्या. मी काम सांगितलं.

"बाई, बरफ पडत हुता तवा तुमी कुठं हुता?"

"पेटी सांभाळत होते, आज्जी."

"व्हय. रिकामी."

दारातल्या बायका हसल्या. म्हातारीने तूस बाजूला सारलं आणि मडक्यावर हात ठेवला.

"देतो की. बाळांसाठी न्हाई कोण म्हणंल? पर पाणी परत द्याचं. समदं."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या, भोवती गारा ठासल्या आणि सहायकाला पेटीपासून दहा पावलं लांब बसवलं. बायका सव्वापाचला आल्या, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या. पिशवी तेव्हा हाताला झोंबेल इतकी गार होती. सातही बाळं टोचली, सातही बोंबलली. मी कार्डांवर खुणा केल्या.

शेवटचं बाळ रडायचं थांबायच्या आत म्हातारी दोन बाटल्या घेऊन हजर. पेटीतलं पाणी मी गाळून, मोजल्यासारखं ओतून दिलं. डोळ्यांना लावायचं नाही, असं पुन्हा एकदा बजावलं. तिने मान हलवली आणि माझ्यासमोरच ओंजळीत थोडं घेऊन सातही बाळांच्या मानेला चोळलं. त्यांच्या आया रांगेत उभ्या. माझ्या टोचण्याला इतक्या शिस्तीत त्या कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या.

मग ती माझ्याकडे वळली. त्या उन्हाळ्यात माझी मानही घामोळ्यांनी भरली होती, हे तिला केव्हाच दिसलं होतं.

मी नको म्हटलं आणि स्टोव्ह आवरायला घेतला. माझा सहायक मात्र दहा पावलांवरून उठून आला आणि मान खाली घालून रांगेच्या शेवटी उभा राहिला.