कन्याकुमारीला निघालो आणि राजाजीनगरला राहिलो

पुण्याहून मोटरसायकलवर कन्याकुमारी गाठायची हे खूळ माझ्या नवऱ्याचं, सुहासचं. गोष्ट नव्वदच्या दशकातली, मोबाइल हातात यायच्या आधीची. त्याने कारखान्यातली साठवलेली रजा काढली, मी शाळेतून बिनपगारी घेतली आणि दिवाळी सरताच आम्ही जुन्या, दणकट गाडीवर निघालो. मध्ये बंगळूरला लांबचा मुक्काम ठरला होता. सुहासचा कॉलेजमधला मित्र मोहन आणि त्याची बायको विद्या लंडनला बहिणीकडे चालले होते. राजाजीनगरातलं घर आणि टिप्या नावाचा कुत्रा सांभाळायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

रस्ता तेव्हा दोनपदरी. ट्रकमागचा धूर खात बेळगाव, हुबळी केलं. दावणगेरेला लोणी डोसा खाल्ला. तुम्ही जाणार असाल तर भूक राखून पोचा, एकावर भागत नाही. तुमकूरनंतर हवा गार झाली आणि मी बॅगेतून स्वेटर काढला.

मोहन-विद्या किल्ल्या देऊन विमानतळावर गेले आणि टिप्याने जेवण सोडलं. दहीभात वाढला, दूध ठेवलं, चपाती कुस्करली. तो फाटकाशी बसून राहायचा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मात्र आमचे चेहरे उतरले. मोहनचा लंडनहून फोन आला की काय सांगायचं?

शेजारच्या यमुनाक्का कुंपणावरून हे पाहत होत्या. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बंगळूरला, स्वतः सरकारी कचेरीत. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं की पहिले दोन दिवस मी नुसती मान डोलवत होते.

"स्वल्प हट्टी आहे तो," त्या म्हणाल्या. "मोहनअण्णा त्याच्याजवळ खाली बसतो, तेव्हाच खातो. तुम्ही उभ्याने वाढता, मा."

सुहास लगेच पायरीखाली, फरशीवर बसला. बराच वेळ काही झालं नाही. त्याने कंटाळून टिप्याला गाडीच्या क्लचची तक्रार सांगायला सुरुवात केली. क्लच संपून कार्बोरेटर आला तेव्हा टिप्याने ताटलीला तोंड लावलं.

मग दिवस मजेत गेले. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली-वडा आणि एक कॉफी दोघांत, म्हणजे तिथल्या भाषेत बाय-टू. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर येलहंकाच्या बाजूला द्राक्षांच्या मळ्यांतून चक्कर. संध्याकाळी सुहास आणि टिप्या फरशीवर.

मोहन-विद्याच्या परतीची तारीख जवळ आली आणि लंडनहून फोन आला. मोहनची बहीण जिन्यावरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांना आणखी थांबावं लागणार होतं. आमची रजा तर संपत आली होती. लगेच निघालो तरच कन्याकुमारी जमणार होती. यमुनाक्का म्हणाल्या की घर आणि कुत्रा त्या बघतील, आम्ही खुशाल जावं. मोहननेही फोनवर हेच सांगितलं.

आम्ही पहाटे निघालो. होसूरला पाट्या तमिळ झाल्या. चहाला थांबलो तेव्हा सुहास मागे बंगळूरच्या रस्त्याकडेच बघत होता. मी समोरच्या एसटीडी बूथमधून अक्कांना फोन केला. टिप्या पोटभर जेवला, काळजी करू नका, असं त्यांनी सांगितलं. फार भरभर सांगितलं. बाहेर येऊन मी सुहासला ते जसंच्या तसं ऐकवलं.

"तुला पटलं?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला, गाडी वळवली आणि उत्तरेकडे लावली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं; उलट खूप हलकं वाटलं.

टिप्या फाटकाला टेकून पडला होता, ताटली भरलेली. अक्का ओशाळल्या. "खोटं बोलले मी. तुमचा प्रवास मोडू नये म्हणून."

सुहास हेल्मेट न काढताच खाली बसला.

आमची रजा संपता संपता मोहन-विद्या परतले, तेव्हा टिप्या मोहनच्या अंगावर असा झेपावला की आमच्याकडे बघायचीही त्याला फुरसत नव्हती. सुहास हसला, पण निघताना गाडीचे आरसे पुसायला त्याने उगाच वेळ लावला.

पुण्यात पोचलो त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. तीन रंगांची वाळू आणली का, तीन समुद्र दिसले का? आमच्याकडे होती अक्कांनी बांधून दिलेली कॉफीची पूड. मी तिचीच कॉफी सगळ्यांसाठी केली. सुहासने होसूरच्या चहापासून सांगायला सुरुवात केली आणि कॉफी गार होईपर्यंत वाळूचं कुणालाच आठवलं नाही.

कन्याकुमारी आम्ही अजून पाहिलेली नाही. राजाजीनगरला मात्र नंतर पाचसहा वेळा जाऊन आलो.