साडेचार वर्षांची पहिली

माझे हात जन्मतःच इतके लांब होते, की पाळण्यात पडल्या पडल्या मी घराची कौलं सारखी करत असे. आईला हे मान्य नाही. पण ती त्या वेळी झोपलेली असायची.

याच हातांनी माझा घात केला. त्या काळी आमच्या अंबरनाथच्या शाळेत वय ठरवायला कागद लागत नसे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला, की मूल सहा वर्षांचं. मी होते साडेचारची. पण कान तर पकडलाच, वर मानही खाजवून दाखवली.

"घ्या, झाली सहाची!" गुरुजी म्हणाले आणि अंदाजपंचे जन्मतारीख टाकून मोकळे झाले. कारखान्यात ऑफिसर असलेले वडील गल्लीभर सांगत सुटले, "आमची पोर दीड वर्ष पुढे आहे!"

पुढे कसली? वर्गात चिखलोलीहून बांध तुडवत येणारी सात-आठ वर्षांची दांडगी पोरं. मी पाटीमागे अख्खी झाकून जायचे. रडायला बसले ती थेट दिवाळीपर्यंत. माझ्या आसवांवर सगळ्या वर्गाच्या पाट्या पुसून व्हायच्या. हे थोडं वाढवून सांगितलं; पण घरी येऊन मी बोलेनाशी झाले होते, खेळेनाशी झाले होते, हे तसंच्या तसं खरं.

एके दिवशी आईने दप्तर खुंटीला टांगलं. "उद्यापासून ही जाणार नाही."

"अगं, लोक काय म्हणतील? पहिलीतच नापास?"

"मग लोकांनाच पाठवा तिच्या जागी."

वडिलांनी वर्तमानपत्र उघडलं. उलटं.

मग मी चिंचेच्या झाडावर राज्य केलं, तीन सरडे पाळले, भांडायला शिकले, हरून परत खेळायलाही शिकले. कुणी चिडवलंच तर सांगायचे, "शाळेला माझा अभ्यास झेपला नाही."

खरोखर सहाची होऊन पुन्हा त्याच वर्गात गेले. "प्रार्थना कोण सांगेल?" गुरुजींनी विचारलं. मी उठले आणि अशी सांगितली, की तिकडे बदलापूरच्या शाळेने आपली प्रार्थना आटोपती घेतली.

आई खिडकीबाहेर पदराने डोळे पुसत उभी होती. मी तिथूनच ओरडले, "आई, घरी जा गं! मी आहे ना इथे!"

तरी ती हलेना. शेवटी गुरुजींना विचारून मीच तिला हाताला धरून फाटकाबाहेर पोचवलं आणि पळत वर्गात परत आले.