सरांनी काढून घेतलेली किल्ली

जाफराबाद-टेंभुर्णी जीपमध्ये सर रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे. कॉलेजात शिकवायचे. दर वाक्याला "बराबर?" विचारायचे अन् उत्तर येईपर्यंत थांबायचे.

कापसाच्या हंगामात मी जागं राहायच्या गोळ्या खाऊन जीप चालवायचो. पहिल्या गोळीवर दिल्लीला जाऊन परत आलो असतो. पुढं तीन खाऊनही डोळे मिटायला लागले. स्टँडवर जीप भरत असताना विचारलं, "सर, गोळ्या नकली यायला लागल्या का?"

"गोळी तीच. ती मेंदूत डोपामिन नावाचं जागं ठेवणारं रसायन उसळवते. त्याचा असर किती व्हायचा, ते पेशींच्या आतले निरोप ठरवतात. रोज रेटलं की पेशी ऐकणंच कमी करतात. बराबर?"

"म्हणजे आता चार खाऊ?"

सरांनी किल्लीच काढून घेतली. जीपमधले पंचवीस पॅसेंजर ओरडले. "हा झोपल्याशिवाय जीप हलणार न्हाई," म्हणत सर बोनेटवर बसले.

मी असा घोरलो, की स्टँडचे पत्रे हलले म्हणतात. उठलो तेव्हा उन्हं कलली होती. पॅसेंजर दुसऱ्या जीपनं गेल्ते. सर कॉलेज बुडवून बोनेटवरच.

"समजलं?"

"न्हाई सर."

त्यांनी किल्ली दिली, पण दुसरा हात पुढं करून थांबले. मंग मी गोळ्यांची पट्टी त्या हातावर ठेवली. का ठेवली, ते आजही समजलं न्हाई.