दादांची पिशवी आणि काकूंचा वरवंटा

एखाद्या साध्या प्रश्नाची इतकी उत्तरे गोळा करायची की शेवटी मूळ प्रश्न कोणता होता हेच कुणाला आठवू नये, ही विद्या आमच्या घरमालकांच्या थोरल्या भावांना जेवढी साधली होती तेवढी साऱ्या नगर जिल्ह्यात कुणाला साधली नसेल. ते ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर. नगरच्या सावेडीत धाकट्या भावाकडे राहत आणि फोटो काढत. त्याच घराच्या मागच्या खोलीत राहून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि त्या पदवीतला निम्मा वाटा त्या घरच्या भाकरीचा आहे असे मी आजही मानतो. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणे, आणि थोरल्यांना सगळेच म्हणत म्हणून दादा.

दादांचा कॅमेरा जुना, लाकडी, काळ्या बुरख्यात डोके घालून बघायचा. बाकीचे फोटोवाले सुटसुटीत कॅमेरे गळ्यात घालून लग्नांतून हिंडत. दादा म्हणत, गळ्यात घालायला तो काय ताईत आहे? कॅमेरा, काचा, भिंगांची पेटी आणि सागवानी तिपाई मिळून ओझे असे व्हायचे, की उचलणाऱ्याने आधी कुलदैवताचे नाव घ्यावे. त्यामुळे दादा फोटो काढत ते घरच्या अंगणातच. पदवीचा झगा घातलेला माझा फोटोही त्यांनी तिथेच काढून दिला. तो घेऊन मी गावी गेलो. आईने तो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "तुजा झाला. आता घराचा काढ. पान्यात गेल्यावर सुनंला काय दावू?"

आमचे गाव राहुरीच्या वरच्या अंगाला, मुळा नदीच्या काठी. धरणाचे पाणी येणार हे ठरलेले होते, माळावर नवे गावठाण आखून झाले होते. ते घर वडिलांनी नदीतले दगड डोक्यावरून वाहून स्वतः बांधलेले. आईवडिलांचा तोवर एकही फोटो नव्हता. परत आल्यावर मी भीतभीत दादांना विचारले. ते लगेच म्हणाले, "जाऊ की. फक्त पिशवीचं ठरवू."

त्या 'फक्त'मध्ये दिवाळी गेली, संक्रांत गेली आणि सबंध उन्हाळाही गेला.

अडचण खरी होती, नाही असे नाही. राहुरीपर्यंत एस.टी., पुढे दगडगोट्यांची पायवाट. एस.टी.च्या टपावर कॅमेरा टाकायचा म्हणजे पोरगी विहिरीत लोटण्यासारखे; तो मांडीवरच हवा, म्हणून पिशवी आटोपशीर हवी. पायवाटेला दोन्ही हात मोकळे हवेत, सगळे ओझे पाठीवर हवे, म्हणून पिशवी ऐसपैस हवी. "मांडीचं एक म्हणणं, पाठीचं दुसरं," दादा हताशपणे म्हणत, "आणि दोन्ही माझीच."

त्यातून दादा कुणाचाही सल्ला नाकारत नसत. कुणी म्हणाले पाठीवरचा लष्करी पिट्टू घ्या, म्हणून कॅम्पातल्या जुन्या बाजारातून तो आला. त्याला पट्टे इतके, की दादा त्यात शिरले ते बाहेर येईनात. दूधवाल्याने एक पट्टा सोडवला तर दुसरा काखेत आवळला गेला, आणि त्या दिवशी दादांनी चहा पिट्टूसकट घेतला. मग कुणी म्हणाले, घोड्याच्या तोंडाला बांधतात तो हरभऱ्याचा तोबरा बघा, मजबूत असतो. एका टांगेवाल्याकडून तोही आणला. तो पाठीला लावून आम्ही घराकडे निघालो, तर हरभऱ्याच्या वासाने टांग्याचे घोडे आमच्या मागोमाग चालू लागले. दादांनी मागे वळून घोड्याकडे पाहिले आणि मला गंभीरपणे विचारले, "याचं काय म्हणणं असेल?" मलाही तोवर कुणाचे काय म्हणणे आहे हे समजेनासे झाले होते. पिट्टू बरा की तोबरा, असे दादा मला रोज विचारत. मी सकाळी पिट्टू म्हणे, संध्याकाळी तोबरा, आणि दोन्ही वेळा मनापासून.

अखेर तंबू शिवणाऱ्याकडून ताडपत्रीची पिशवी शिवून घेतली आणि तिला आतून जुन्या रजईचे अस्तर लावले. मग तिच्या रंगीत तालमी सुरू झाल्या. कॅमेऱ्याचा धोका नको म्हणून त्याच्या वजनाचे काहीतरी आत घालायचे. ते 'काहीतरी' म्हणजे काकूंचा वरवंटा. ओसरीवर एकामागे एक खुर्च्या मांडायच्या, दादांनी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, मी शेजारचा प्रवासी, आणि काकू कंडक्टर. दादा विचारत, "आता कंडक्टर काय म्हणेल?" काकू म्हणत, "कंडक्टर म्हणेल वरवंटा द्या, चटणी वाटायची खोळंबलीय." त्या उन्हाळ्यात त्या घरात चटणी अशी झालीच नाही. पाटा बिचारा मोरीशेजारी एकटाच उभा असे.

इकडे मी हसत होतो, पण तिकडे गावाचे दिवस भरत आले होते. वैशाखात गावी गेलो तर लोक घरांची दारे, तुळया, पत्रे काढून बैलगाड्यांनी माळावर नेत होते. आमच्याही घराचे छप्पर उतरले होते, भिंतींचे दगड अर्धे गाडीत गेले होते. त्या सगळ्यात फक्त दाराची चौकट उभी. वडील म्हणाले, "लाकूड चांगलं हाय, न्यायचं हुतं. पर म्हनलं ऱ्हाऊ दे. मास्तर फोटूला यायचेत न्हवं?"

मी ते दादांना जसेच्या तसे सांगितले. ते मान हलवत राहिले आणि म्हणाले, एक खिसा बाहेरून हवा का?

पावसाळा लागला आणि एका बाजारच्या दिवशी गावचा माणूस निरोप घेऊन आला, की पाणी मारुतीच्या पाराला लागले आहे. दादा बाहेरच्या खिशाला टाके घालत बसले होते. त्यांनी दात लावून दोरा तोडला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणालाही काहीही न विचारता म्हणाले, "सकाळच्या गाडीनं."

गाडी जवळजवळ रिकामी होती. कंडक्टरने पिशवीकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढ्या तालमी करून त्याने काहीच विचारले नाही, याने दादा खट्टू झाले. राहुरी येईपर्यंत ते पिशवी जरा त्याच्या नजरेस पडेल अशी धरून बसले होते. पुढे तिपाई मी खांद्यावर घेतली. दादा पिशवीखाली वाकून चालले होते, मध्येच थांबून म्हणत, "पाठीवर बसलीय छान, पण तालमीपेक्षा जड का लागतेय?"

गावात पोचलो. दादांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिले आणि गोंधळून विचारले, "घर कुठंय?"

"हे काय," वडील म्हणाले आणि चौकटीवर हात ठेवला.

चौकटीच्या मागे पाणी होते, थेट पलीकडच्या टेकडीपर्यंत. दादांनी पिशवी खाली उतरवली. त्यांनी कॅमेरा काढून तिपाईवर चढवला. वारा असा होता की बुरखा फडफडे आणि तिपाई थरथरे. काहीतरी वजन हवे म्हणून त्यांनी रिकामी पिशवी उचलली, तर ती रिकामी नव्हती. रजईच्या तळातून वरवंटा निघाला. दादा त्याच्याकडे पाहतच राहिले. मग मुकाट्याने तो परत आत घालून त्यांनी पिशवी तिपाईच्या मधोमध टांगली, आणि तिपाई मुळे धरल्यासारखी उभी राहिली.

आईवडील चौकटीत उभे राहिले, दोघेही देवळात उभे राहावे तसे ताठ. दादा बुरख्यात शिरले. आणि तेवढ्यात आईने विचारले, "मास्तर, पाटा कुठं ऱ्हायला?" विचारून तिचे तिलाच हसू फुटले, आणि त्याच क्षणी दादांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला.

येताना वरवंटा तिथेच राहिला. काकू म्हणाल्या, आता पाटाही नेऊन ठेवा, जोडी तरी मोडायला नको.

दादा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्यांनी दिवाळीआधी पिशवी ठरवली असती, तर फोटोत सबंध घर आले असते, छपरासकट. पण मग आई हसली असती का, तेही सांगता येत नाही. सकाळी एक वाटते, संध्याकाळी दुसरे.

माझे लग्न झाले तेव्हा आईने तो फोटो भिंतीवरून काढून सुनेच्या मांडीवर ठेवला. चौकटीच्या आत, जिथे नुसते पाणी आहे, तिथे बोट टेकवून म्हणाली, "ह्या दारातनं आत आलं की उजव्या हाताला चूल. चुलीम्होरं मी बसायची. आन् ह्या अंगाला ह्यो अभ्यास करायचा." बायको फोटोवर वाकून बघत होती. मग तिने हळूच विचारले, "आणि देव कुठं होते?"

आईने बोट जरा डावीकडे सरकवले.